बाहेरच्यांचा टक्का मोजण्याआधी

कोल्हापूर जिल्ह्यात निवडणूक जवळ आली किंवा एखाद्या औद्योगिक वसाहतीत भरतीवरून वाद झाला, की एक मागणी हटकून पुढे येते. कामगारांत परप्रांतीय किती आहेत ते मोजा, 80 टक्के जागा भूमिपुत्रांना द्या आणि उरलेल्यांना घरी पाठवा. मुरगूडच्या बाजारपेठेत, कागलच्या चौकात, गोकुळ शिरगावच्या फाटकावर हे बोलणे सारखेच ऐकू येते. त्यामागे जी बेरीज-वजाबाकी धरलेली असते तीही सर्वत्र एकच असते. कामांची संख्या ठरलेली आहे, बाहेरचा एक आला की आपला एक बेकार होतो, म्हणून बाहेरचा गेला की आपल्याला काम मिळेल. हे गणित दिसायला सोपे आहे, पण मुरगूडच्या आसपास कोण कुठले काम करते हे पाहिले तर ते टिकत नाही. बेकारीचे दुःख खोटे आहे असे कुणी म्हणणार नाही. पदवी घेऊन दोन-तीन वर्षे घरी बसलेला मुलगा वेदगंगेच्या काठावरच्या प्रत्येक गावात आहे. त्याच्या बेकारीचे जे कारण सांगितले जाते ते मात्र चुकीचे आहे, आणि चुकीच्या कारणामागे धावण्यात त्याची उमेदीची वर्षे निघून जात आहेत.

मागणी नवी नाही. स्थानिकांना नोकऱ्यांत प्राधान्य द्यावे असे धोरण महाराष्ट्र सरकारने 1960च्या दशकाच्या अखेरीपासून धरले आहे. पुढे 2008च्या शासन निर्णयात पर्यवेक्षकांच्या जागांसाठी 50 टक्के आणि इतर जागांसाठी 80 टक्के असे प्रमाण सांगितले गेले. महाराष्ट्रात 15 वर्षे राहणारा तो स्थानिक, अशी व्याख्याही झाली. म्हणजे ज्या टक्क्यासाठी आज मोर्चे निघतात तो टक्का कागदावर कित्येक वर्षे आहे. तरीही बेकारी हटली नाही. याचा दोष अंमलबजावणीला देऊन भागत नाही, कारण धोरणाची नजरच अपुरी आहे. ते कायम नोकरीच्या पटाकडे पाहते. आपल्या भागातले बाहेरून आलेले बहुतेक कामगार त्या पटावर नसतातच. ते ठेकेदाराच्या वहीत असतात, मुकादमाच्या टोळीत असतात, नाहीतर कुठेच नसतात.

कागल तालुक्याची मजूर-व्यवस्था उसाभोवती उभी आहे. बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा, कागलचा छत्रपती शाहू, हमीदवाड्याचा सदाशिवराव मंडलिक आणि बेलेवाडी काळम्मा येथील संताजी घोरपडे असे चार कारखाने मुरगूडच्या पंचक्रोशीतला ऊस ओढतात. या कारखान्यांच्या कायम पटावर कोण आहे? शेतीखाते, गाळपखाते, वजनकाटा, लॅब, अकाउंट, सुरक्षा या ठिकाणी बहुतेक जण परिसरातलेच आहेत. सभासदांची मुले, गटातली माणसे, गावातल्या पुढाऱ्याने शब्द टाकलेले तरुण. त्यांचे वेतन राज्य पातळीवर त्रिपक्षीय समितीत ठरते, त्यांना युनियन आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे. इथे बाहेरच्याने कुणाची जागा घेतलेली नाही. बाहेरचा दिसतो तो फाटकाच्या अलीकडे, फडात. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, परभणी, जालना आणि कर्नाटकातल्या विजयपूर भागातून टोळ्या येतात, माळावर किंवा नदीकाठच्या पडीक रानात खोपी पडतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, त्या तिथेच असतात. राज्यातल्या ऊसतोड मजुरांचा अंदाज आठ ते दहा लाखांच्या घरात सांगितला जातो. एका अर्थाने हे एक आख्खे महानगर दरवर्षी पाच-सहा महिन्यांसाठी जागा बदलते. आणि त्या कामासाठी मुरगूड, यमगे, शिंदेवाडी किंवा सुरुपलीतल्या किती तरुणांनी अर्ज केला आणि त्यांना नाकारले गेले? भुदरगड, राधानगरीच्या डोंगरी पट्ट्यातून काही स्थानिक टोळ्या येतात, त्यांना कुणी अडवत नाही. त्या पुरत नाहीत म्हणून लांबून माणसे आणावी लागतात.

हे काम काय असते ते जवळून पाहिल्याशिवाय टक्क्यांची चर्चा हवेतच राहते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हिशेब कोयत्याचा असतो, माणसाचा नसतो. पुरुष वाकून बुडख्याशी घाव घालतो, शेंडा उडवतो, पाचट सोलतो. बाई तोडलेला ऊस गोळा करते, वाढ्याचाच बंध पिळून मोळी बांधते, ती डोक्यावर घेते आणि ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून तोल सावरत वर चढते. गाडी ज्या वेळी येईल त्या वेळी ती भरायची असते, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की पहाटेचे चार. आजारपणात एक दिवस चुकला तर खाडा लागतो आणि तो मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीतून वळता होतो. जानेवारी 2024मध्ये पुण्यात साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात तोडणीदरात 34 टक्के वाढीचा करार झाला. त्यानंतरही टनाला मिळतात ते सुमारे 366 रुपये. एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडले, तर दोघांच्या मिळून अंगमेहनतीचे सुमारे 730 रुपये झाले. त्याच उसाला 2024-25च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली मूळ एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) टनाला 3,400 रुपये होती. तोडणीतल्या श्रमाचा हिस्सा त्याच्या एक दशांशाहून किंचित जास्त भरतो. मनुष्यबळातला बाहेरच्यांचा वाटा मोजायला निघालेल्यांनी हा वाटाही मोजावा. पहिला आकडा मोठा दिसतो, कारण हा दुसरा आकडा इतका लहान ठेवला गेला आहे.

भूमिपुत्राच्या मागणीचा दुसरा आधार भाषा हा असतो. बाहेरचे आले की मराठी मागे पडते, असे सांगितले जाते. मराठीची काळजी रास्त आहे. दुकानाची पाटी, बँकेतला व्यवहार, सरकारी दाखला मराठीत हवा यात वादच नाही. पण ऊसतोडीच्या बाबतीत हा आधार साफ निसटतो. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, केज इथून येणारा माणूस मराठीच बोलतो. त्याच्या बायकोची जात्यावरची ओवी मराठी आहे, त्याच्या मुलाचे पाठ्यपुस्तक बालभारतीचे आहे. तरीही आपल्या गावात त्याला ‘तोडकरी’ म्हणून वेगळे धरले जाते. त्याची खोप गावकुसाबाहेर असते, त्याच्या मुलाचा दाखला इथल्या शाळेत येत नाही, हंगाम संपला की त्याची आठवणही राहत नाही. मराठी माणसासाठी झालेल्या आंदोलनांच्या मागणीपत्रांत या मराठी माणसाच्या पाण्याचा, शौचालयाचा, त्याच्या बायकोच्या दवाखान्याचा मुद्दा शोधून सापडत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी 2019मध्ये झाली. तेव्हा पाहणी केलेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा पडू नये, पाळीच्या दिवसांतही मोळी उचलता यावी, हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. या बाया आपल्याच भाषेच्या होत्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या फडांत राबत होत्या. तेव्हा आपला आणि परका यांच्यातली रेघ भाषेवरून ओढली जाते हे खरे नाही. ती कामावरून आणि गरिबीवरून ओढली जाते, भाषेचे नाव नंतर दिले जाते.

आता सर्वांत जड आक्षेप घेतो, कारण तो निव्वळ द्वेषातून आलेला नाही. बाहेरचा मजूर कमी पैशात राबतो, त्यामुळे सगळ्यांचीच मजुरी खाली राहते, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या फौंड्र्यांत भट्टीजवळ, मोल्डिंगला आणि फेटलिंगला बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशाची मुले मोठ्या संख्येने दिसतात. चौदाशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेले लोखंड लॅडलमधून साच्यात ओतायचे, मग थंड झालेल्या कास्टिंगवर ग्राइंडर धरून उरलेली वाळू आणि कड काढायची. त्या वाळूची सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि तिने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. इथला मुलगा हे काम त्या पैशात करायला तयार नसेल तर त्याला आळशी म्हणणे हा अन्याय आहे. त्याला त्या कामाची किंमत कळते. पण परराज्यातला मुलगा त्याच पैशात का तयार होतो, हा पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. तो ठेकेदारामार्फत येतो, ठेकेदाराच्याच खोलीत दहा जणांत राहतो, नाव मस्टरवर चढेलच याची त्याला खात्री नसते, भांडण केले तर खोली आणि काम एकदमच जाते. त्याची स्वस्ताई त्याच्या जन्मगावाने ठरवलेली नाही, त्याच्या निराधार अवस्थेने ठरवली आहे. उद्या त्याला हाकलले आणि त्याच ठेक्यावर, तशाच बिनमस्टरच्या पद्धतीने मुरगूडचा मुलगा लावला, तर तोही तितकाच स्वस्त होईल. मजुरी वर आणायची असेल तर ठेक्यातल्या माणसालाही कायम कामगाराइतकाच दर, विमा आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला पाहिजे. मग मालकाला बाहेरून माणूस आणण्यात फायदा उरणार नाही, आणि इथल्या मुलाला ते काम करण्यात कमीपणाही वाटणार नाही. भूमिपुत्रांचे खरे हित साधणारी मागणी ही आहे, आणि ती बाहेरच्याला सोबत घेतल्याखेरीज पदरात पडत नाही.

कायदाही इथे अर्ध्यावर थांबतो. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी 1979 साली स्वतंत्र कायदा झाला. त्यात नोंदणी, प्रवासखर्च, राहण्याची सोय अशा तरतुदी होत्या. पण तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरता होता, आणि नव्या श्रमसंहितेतही व्याख्या आंतरराज्य कामगाराचीच आहे. विजयपूरहून बिद्रीला आलेला मजूर या व्याख्येत बसू शकतो. बीडहून, म्हणजे त्याच्यापेक्षा लांबून आलेला मराठी मजूर बसत नाही. देशातल्या 2011च्या जनगणनेत 45 कोटींहून अधिक स्थलांतरित मोजले गेले आणि त्यांतले राज्याबाहेरून आलेले साडेपाच कोटींच्या आत होते. म्हणजे दर दहांतले जवळपास नऊ जण आपल्याच राज्यात हललेले. त्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियांची संख्या मोठी आहे हे खरे, तरीही स्थलांतर म्हणजे रेल्वेने आलेला परप्रांतीय ही समजूत या आकड्यांपुढे उभी राहत नाही.

आपली माणसे बाहेर गेली त्याचे काय, हा मुद्दा अनेकांना जुना वाटतो. तरी तो टाळता येत नाही. 1911च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्यांपैकी मुंबईतच जन्मलेले जेमतेम पाचात एक होते. बाकीचे शहर बाहेरून आलेल्यांचे होते आणि त्यांत रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर या बाजूंचे गिरणीकामगार मोठ्या संख्येने होते. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड तालुक्यांतल्या कित्येक गावांनी मुंबईत वर्गणी काढून सामाईक खोल्या घेतल्या. एका खोलीत पाळीपाळीने वीस-वीस माणसे झोपत आणि खानावळीत जेवत. 18 जानेवारी 1982ला सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचे संसार उधळले, तेव्हा त्यांतले अनेक जण याच गावांत परतले. सांगलीच्या खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक तर देशातल्या बहुतेक मोठ्या शहरांत सोने-चांदी गाळण्याचा धंदा करत पिढ्यान्‌पिढ्या राहिले आहेत. ते तिथले भूमिपुत्र नव्हेत. जुलै 2024मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत व्यवस्थापकीय जागांसाठी 50 आणि इतर जागांसाठी 70 टक्के स्थानिकांचे विधेयक मंजूर केले. उद्योगांचा विरोध होताच ते दोन दिवसांत थांबवले गेले. ते लागू झाले असते तर त्याची पहिली झळ कोल्हापूर-सांगलीहून बेंगळुरूला गेलेल्या मुलांना लागली असती. हरियाणाचा 75 टक्क्यांचा कायदा तर पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023मध्ये घटनाबाह्य ठरवून रद्द केला. देशात कुठेही जाऊन राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क घटनेच्या 19व्या कलमाने दिला आहे. तो हक्क खानापूरच्या गलाईवाल्याला हवा असेल तर तो फेटलिंगवर उभ्या असलेल्या झारखंडच्या मुलालाही असलाच पाहिजे.

मुरगूडच्या दृष्टीने यातली एक गोष्ट विशेष आहे. निपाणी इथून हाकेच्या अंतरावर आहे. निपाणी, बेळगाव, कारवार महाराष्ट्रात यावे म्हणून राज्य सरकार 2004पासून सर्वोच्च न्यायालयात भांडत आहे, आणि सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी तरुणांना महाराष्ट्राच्या सरकारी नोकरीसाठी अर्ज करण्याची सवलतही आहे. पण खासगी कारखान्यात 15 वर्षांच्या वास्तव्याची अट काटेकोर लावली, तर निपाणीहून रोज कागलच्या वसाहतीत येणारा मराठी मुलगा परप्रांतीय ठरतो. ज्या गावावर आपण हक्क सांगतो त्या गावच्या माणसाला फाटकावर अडवायचे, हे सीमालढ्याच्या साठ-सत्तर वर्षांच्या निष्ठेशी जुळणारे नाही.

शेतकरी आणि वाहतूकदार यांची तक्रार वेगळी आहे आणि ती दाबून ठेवू नये. ट्रॅक्टर घेतलेला गावातला मुलगा टोळीसाठी मुकादमाला लाखो रुपयांची उचल देतो, ऐन हंगामात टोळी येतच नाही किंवा अर्ध्यावर पळून जाते, आणि बँकेचे हप्ते त्याच्या मानगुटीवर बसतात. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत अशा फसवणुकीने घरे उद्ध्वस्त झाली आहेत. फडात तोड आली की शेतकऱ्याकडून एकरी खुशाली मागितली जाते, ड्रायव्हरला ‘एंट्री’चे पैसे द्यावे लागतात, आणि ऊस वाळेल या भीतीने शेतकरी ते देतो. हा राग रास्त आहे. पण यात मजूर आणि वाहतूकदार दोघेही एकाच पद्धतीचे बळी आहेत. उचल रोखीने मुकादमाच्या हाती जाते, लेखी करार नसतो, पैसे खरोखर कोणत्या कोयत्यापर्यंत पोचले याची नोंद नसते. एकच टोळी दोन-तीन ठिकाणी उचल घेऊ शकते, कारण ती कुठेच नोंदलेली नाही. आणि खुशाली मागितली जाते, कारण ठरलेल्या दरात पोट भरत नाही. टोळी आधारवर नोंदली गेली, उचल थेट मजुराच्या खात्यात गेली, करार कारखान्याच्या सहीने झाला, तर ट्रॅक्टरवाला वाचतो आणि मजूरही वेठीतून सुटतो. यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे कल्याण महामंडळ आहे, कारखान्यांनी टनामागे 10 रुपये आणि तितकेच सरकारने द्यायचे असे ठरलेही आहे. बाहेरच्याला शिव्या देण्यात जो जोर खर्च होतो तो या अंमलबजावणीमागे लावला असता तर मुरगूडच्या कित्येक वाहतूकदारांचे ट्रॅक्टर जप्त झाले नसते.

हार्वेस्टर येतील आणि प्रश्नच मिटेल, असेही म्हटले जाते. सरकारने 40 टक्के किंवा 35 लाखांपर्यंत अनुदान दिले आहे आणि यंत्रे वाढतीलही. पण नदीकाठची ओली काळी जमीन, दहा-वीस गुंठ्यांचे तुकडे आणि वाऱ्याने लोळलेला आडसाली ऊस यांत यंत्राला मर्यादा आहेत, आणि त्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहेत. पुढची बरीच वर्षे कोयता लागणारच.

मुरगूडच्या सुशिक्षित तरुणाला काम हवे आहे हे खरे, आणि ते पाचट सोलण्याचे काम नको आहे हेही खरे. त्याला हवी असलेली कामे का निर्माण होत नाहीत, पंचतारांकित वसाहतीत कुशल प्रशिक्षण घेऊन थेट कायम होण्याची वाट का नाही, आयटीआयचे अभ्यासक्रम फौंड्रीतल्या नव्या यंत्रांशी जुळते का नाहीत, कारखान्यांतली भरती गुणावर का होत नाही, हे प्रश्न विचारायचे आहेत. ते प्रश्न उद्योगखात्याला, कारखान्याच्या संचालकांना आणि आपण निवडून दिलेल्यांना विचारावे लागतात, म्हणून ते अवघड जातात. ज्याला इथे मतदानाचा हक्क नाही त्याच्यावर ओरडणे सोपे आहे. 2024च्या विधानसभेला मतदान 20 नोव्हेंबरला होते आणि गाळप हंगाम 15 नोव्हेंबरपासून. गावी मत आहे पण हजर राहता येत नाही, इथे हजर आहे पण मत नाही, अशी ऊसतोड मजुराची अवस्था आहे. त्याची बाजू कुठल्याच आमदाराला मांडावी लागत नाही.

म्हणून मोजणी करायचीच असेल तर जरूर करा. येत्या हंगामात पहिली मोळी टाकण्यापूर्वी कागल तालुक्यातल्या चारही कारखान्यांनी आपल्या हद्दीतला प्रत्येक कोयता नावानिशी नोंदवावा, त्यात स्त्रीचे नाव वेगळे घ्यावे आणि तिची मजुरी तिच्या खात्यात द्यावी. मुरगूड नगरपरिषदेने आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी खोपी पडतात त्या जागी पाणी, दिवा आणि शौचालय द्यावे, आरोग्यकेंद्राची परिचारिका आठवड्यातून एकदा तिथे जावी, शाळांनी हंगामापुरता का होईना मुलांना वर्गात घ्यावे, रेशन दुकानदाराने बीडचे कार्ड परत पाठवू नये. औद्योगिक वसाहतींतल्या कामगार संघटनांनी ठेक्यावरच्या माणसाला सभासद करून घ्यावे, मग तो कुठल्याही जिल्ह्याचा किंवा राज्याचा असो. आणि ज्यांना 80 टक्क्यांचा मोर्चा काढायचा आहे त्यांनी त्या मोर्चाच्या मागणीपत्रात पहिली ओळ समान कामाला समान दर ही लिहावी. तेवढे झाले तर या लेखकाचाही त्या मोर्चाला पाठिंबा राहील.